ग्रंथ आणि गादी

कुंभकोणम हे नाव मराठी वाचकाच्या कानावर येते ते बहुधा दर बारा वर्षांनी भरणाऱ्या महामहम् उत्सवामुळे, नाहीतर श्रीनिवास रामानुजन या गणितज्ञाच्या चरित्रामुळे. तंजावरच्या मराठ्यांचा इतिहास वाचणाऱ्याला ते आणखी एका कारणाने परिचित असते. सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात व्यंकोजीने तंजावर घेतले, तेव्हापासून १८५५ मध्ये इंग्रजांनी ते राज्य खालसा करीपर्यंतच्या भोसले राजवटीशी कावेरीकाठच्या या नगराचा इतिहास बांधला गेलेला आहे. कांची कामकोटी मठाने अठराव्या शतकात कांची सोडून येथे बस्तान बसवले, तेही याच राजांच्या आश्रयाने. मंदिरांच्या आणि मठाच्या या गावाचे स्मरण ख्रिस्ती धर्मातील एका जुन्या वादाच्या निमित्ताने करावे, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु नकाशा समोर ठेवला तर तसे वाटण्याचे कारण उरत नाही. कुंभकोणमच्या वायव्येला, कोळ्ळिडम नदीच्या उत्तर तीरावर एलाकुरिच्ची नावाचे खेडे आहे. तेथे कॉन्स्टान्झो बेस्की हा इटालियन जेझुइट राहिला आणि तेथील ‘अडैक्कल मादा’चे, म्हणजे आश्रयदात्या मातेचे देवालय त्याच्याच नावाशी जोडले गेले. पूर्वेला समुद्रावर तरंगंबाडी आहे. तंजावरच्या रघुनाथ नायकाशी १६२० मध्ये करार करून डॅनिश व्यापाऱ्यांनी ती मिळवली होती आणि तेथेच १७०६ साली हिंदुस्थानातील पहिले प्रॉटेस्टंट मिशन उभे राहिले. एका बाजूला रोमची गादी मानणारा पंडित, दुसऱ्या बाजूला जर्मनीतल्या हाले येथून आलेले, ग्रंथाशिवाय दुसरे काही न मानणारे पाद्री. मधला सगळा मुलूख मराठ्यांचा.

या दोघांत जो वाद पेटला त्याचे मूळ अर्थातच येथले नव्हे. मार्टिन ल्यूथर १५१९ साली लाइपझिगच्या वादसभेला गेला तेव्हा त्याचा रोख प्रामुख्याने पोपच्या अधिकारावर होता. समोरचा योहान एक हा वादपटू मोठा धूर्त. त्याने ल्यूथरला पायरीपायरीने अशा जागी आणले की, पोप चुकू शकतो इतकेच म्हणून भागेना; धर्मपरिषदाही चुकू शकतात, असे ल्यूथरला कबूल करावे लागले. परिषद चुकते, पोप चुकतो, मग न चुकणारे उरते काय? शास्त्र. दोन वर्षांनी व्होर्म्स येथे सम्राटासमोर त्याने हीच भूमिका घेतली. कॅथलिकांचे अधिकृत उत्तर ८ एप्रिल १५४६ रोजी ट्रेंटच्या परिषदेत आले. ईश्वरी सत्य लिखित ग्रंथांत आहे तसेच प्रेषितांपासून हातोहात चालत आलेल्या अलिखित परंपरेतही आहे, आणि दोहोंचा सारख्याच आदराने स्वीकार केला पाहिजे. चर्चने जो अर्थ धरला आहे त्याच्या विरोधात जाऊन कोणी स्वतःच्या बुद्धीने ग्रंथाचा अर्थ लावू नये, असे परिषदेने ठरवले. कोणते ग्रंथ शास्त्र म्हणून मानायचे त्यांची यादीही तिने त्याच दिवशी पक्की केली.

आपल्याकडच्या वाचकाला हा वाद परका वाटण्याचे कारण नाही. श्रुती स्वतःप्रमाण आहे असे मीमांसक म्हणतो, तेव्हा तिचा अर्थ कोणी सांगायचा हा प्रश्न लगेच पुढे येतोच. आणि गुरुपरंपरेवाचून उत्तर सापडत नाही. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत बांधून ठेवले तेव्हा ग्रंथाची किल्ली आम्नायाच्या हाती राहिली. उलट शके १५०६ मध्ये एकनाथांनी ‘ज्ञानेश्वरी’ शुद्ध केली. मूळ पाठ भ्रष्ट झाला आहे, तो पूर्ववत करायला हवा, ही जाणीव ज्या मनात उद्भवते ते मन परंपरेला मानते खरे, पण परंपरेने हाती दिलेली प्रत जशीच्या तशी मानत नाही. याच सुमारास युरोपातही लॅटिन बायबलच्या पाठशुद्धीची खटपट चालू होती आणि रोमने १५९२ मध्ये आपली अधिकृत प्रत काढली. फरक इतकाच की, एकनाथांना पैठणात कोणत्या परिषदेने हे काम सांगितले नव्हते.

असो. आपण तरंगंबाडीकडे वळू. बार्थोलोमाउस झीगेनबाल्ग ९ जुलै १७०६ रोजी येथे उतरला तेव्हा तो पंचविशीच्या आत होता. १७१९ मध्ये, सदतीस वर्षांचेही पुरते वय झाले नव्हते तेव्हा, तो वारला. मधल्या बारा-तेरा वर्षांत त्याने तमिळ आत्मसात केले, छापखाना उभा केला आणि नव्या कराराचे तमिळ भाषांतर छापून काढले. चार शुभवर्तमाने व प्रेषितांची कृत्ये १७१४ मध्ये आणि उरलेला भाग १७१५ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय भाषेत छापला गेलेला हा पहिला नवा करार. यामागची निष्ठा ल्यूथरची होती: ग्रंथ लोकांच्या भाषेत लोकांच्या हाती द्या, मध्ये कोणी नको.

परंतु मध्ये कोणी नाही असे होऊ शकते काय? झीगेनबाल्गच्या भाषांतराचा शब्दसंग्रह पाहू लागले की मौजेची गोष्ट दिसते. ईश्वराला त्याने ‘सर्वेश्वरन्’ म्हटले. हा शब्द त्याने घडवलेला नव्हे. रॉबेर्तो दे नोबिलीपासून शंभर वर्षे जेझुइटांनी तमिळमध्ये जी ख्रिस्ती परिभाषा रुजवली होती, तिच्यातलाच तो शब्द. कॅथलिकांची तमिळ हस्तलिखिते मिळवून, ती वाचूनच हा प्रॉटेस्टंट पाद्री धर्मविषयक तमिळ शिकला होता. ज्या परंपरेचा अधिकार नाकारायचा तिचेच शब्द घेऊन ग्रंथ उभा करावा लागला. पुढे फाब्रिट्सिउसने ‘पराबरन्’ हा शब्द घेतला, एकोणिसाव्या शतकातील भाषांतरकारांनी ‘देवन्’ स्वीकारला; तरंगंबाडीच्या पहिल्या पानांवरचा ‘सर्वेश्वरन्’ मात्र रोमच्या घरातून आलेला होता. प्रस्तुत लेखकाला या वादातील सर्वांत बोलका पुरावा हाच वाटतो. आणि तो दोन्ही पक्षांपैकी एकाच्याही पोथीत पुरावा म्हणून मांडलेला नाही.

एक आणखी. तमिळ ख्रिस्ती लोक बायबलला ‘वेदपुस्तकम्’ किंवा ‘वेदागमम्’ म्हणतात. मराठी ख्रिस्ती लोक ‘पवित्र शास्त्र’ म्हणतात. वेदाला प्रमाण म्हणून मान्यता हवी, शास्त्राला अर्थ लावणारा शास्त्री हवा. शब्द निवडताना भाषांतरकारांनी इतका विचार केला असेल असे नव्हे; तरीही दोन भाषांतील या नावांमध्ये वादाची दोन टोके नकळत उतरली आहेत.

बेस्की १७१० मध्ये हिंदुस्थानात आला. ‘वीरमामुनिवर’ या नावाने तमिळ वाङ्मयाच्या इतिहासात त्याला जे स्थान आहे ते एखाद्या परकीयाला क्वचितच लाभते. १७२६ मधील ‘तेम्बावणी’ हे संत योसेफावरचे त्याचे महाकाव्य, त्याचे व्याकरणग्रंथ, त्याचा ‘चतुरगरादि’ हा कोश, आणि ज्यात मूर्ख गुरू व त्याच्या शिष्यांची फजिती सांगितली आहे ती ‘परमार्थगुरु’ची कथा, ही नावे तमिळ शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतात. त्याचे वादग्रंथ मात्र आता फारसे कोणी वाचत नाही. ‘वेदविळक्कम्’ १७२८ मधला. त्यानंतर तरंगंबाडीकरांच्या एका पुस्तिकेला उत्तर म्हणून ‘पेदगमरुत्तल’ आणि पुढे ‘लुत्तेरिनत्तियल्बु’, म्हणजे ल्यूथरपंथीयांच्या स्वभावाचे वर्णन. गद्य सरळ, बोलीच्या जवळचे आणि चांगलेच धारदार. तमिळ गद्याच्या वाढीत या भांडणाचा वाटा मोठा आहे. भांडण लोकांना समजावे म्हणून दोघांनाही पद्य सोडावे लागले.

बेस्कीचा पक्ष असा होता. तुम्ही ग्रंथ प्रमाण मानता, ठीक. परंतु हाच ग्रंथ, हीच शुभवर्तमाने, इतकीच पत्रे, हे तुम्हाला कोणी सांगितले? ग्रंथाने तर आपली अनुक्रमणिका स्वतः दिलेली नाही. ज्या चर्चने ग्रंथ निवडले, जपले, नकलले, तिच्या हातून ते घेऊन तिलाच चुकीची ठरवणे म्हणजे साक्षीदाराला खोटा म्हणून त्याची साक्ष खरी धरणे. शिवाय ज्याला त्याला स्वतःचा अर्थ लावू दिला की पंथ किती होतील याला धरबंध नाही. मरियेचा व संतांचा सन्मान, प्रतिमांचे पूजन यांचे समर्थनही त्याने याच अधिकाराच्या आधारे केले. आणि हा तार्किक भाग संपला की, पंडिताची ठेवणीतली थट्टा सुरू होते: यांना धड तमिळ येत नाही, हे वेद काय सांगणार! झीगेनबाल्गच्या भाषांतराची त्याने निर्दय टवाळी केली. ती बरीचशी खरी होती. पण तमिळ कवींच्या पंक्तीत बसणाऱ्या माणसाने कोरोमंडलच्या कोळ्यांशी, शिपायांशी आणि नोकरांशी बोलून तमिळ शिकलेल्या माणसाला अशुद्ध म्हणावे, यात धर्मशास्त्रापेक्षा साहित्यिक अभिमान अधिक होता, असे मला वाटते. विशेष म्हणजे बेस्कीजवळ छापखाना नव्हता. त्याचे ग्रंथ हस्तलिखितांच्या रूपाने फिरत राहिले. परंपरेच्या बाजूचा माणूस अव्वल दर्जाचे तमिळ हाताने लिहीत होता आणि ग्रंथाच्या बाजूची माणसे सदोष तमिळ यंत्रावर छापत होती.

मराठा सैन्यातल्या एका शिपायाने ते सदोष तमिळ वाचले.

त्याचे नाव राजनायकन. जन्म १७००च्या सुमाराचा. घराणे तिसऱ्या पिढीचे कॅथलिक, जात परैयर, आणि हुद्दा सेर्वैक्कारन्, म्हणजे हाताखाली काही माणसे असलेला शिपायांचा नायक. तंजावरच्या गादीवर तेव्हा पहिला सरफोजी होता आणि १७२८ नंतर तुकोजी. दरबाराचा कारभार मोडीत चाले, पंडितांचे संस्कृतात, नाटकवाल्यांचे तेलुगूत. हा शिपाई तमिळ वाचणारा. त्याच्या हाती तरंगंबाडीला छापलेली शुभवर्तमाने व प्रेषितांची कृत्ये ही पुस्तके आली. आजवर धर्म त्याला प्रार्थना, उपवास, उत्सव आणि पाद्र्याच्या तोंडून ऐकलेल्या कथा यांच्या रूपाने भेटला होता. आता तो एका कथेच्या रूपाने, सलग, आरंभापासून शेवटपर्यंत समोर आला. ज्याने मोठेपणी प्रथमच एखादा ग्रंथ सलग वाचला असेल त्यालाच या अनुभवाचे स्वरूप कळेल. तो तरंगंबाडीला गेला, तेथील पाद्र्यांशी बोलला आणि १७२८च्या सुमारास त्यांचा उपदेशक म्हणून काम करू लागला. तंजावरच्या मुलखात युरोपीय पाद्र्यांना मोकळेपणी हिंडण्याची मुभा नव्हती. झीगेनबाल्गला १७०९ मध्ये वाटेतूनच परतावे लागले होते. त्यामुळे या प्रदेशातील मंडळ्यांचा सारा भार राजनायकनसारख्या एतद्देशीय माणसांवरच पडला.

कॅथलिकांच्या दृष्टीने हा घरभेद होता. परधर्मातून कोणी ल्यूथरपंथीय झाला असता तर बेस्कीला इतका त्रास झाला नसता. हा त्याच्याच कळपातला मेंढा होता आणि जाताना एकटा जात नव्हता. त्याला परत वळवण्याचे प्रयत्न झाले, धाक घातला गेला. पुढे प्रकरण हातघाईवर आले. राजनायकनच्या घरावर झालेल्या हल्ल्यात त्याचे वडील मारले गेले. वाद असा होता की, ख्रिस्ताच्या शिकवणुकीचा अर्थ सांगण्याचा अधिकार कोणाचा. त्यापायी कावेरीच्या खोऱ्यात एक म्हातारा जिवाला मुकला. धर्मशास्त्राच्या इतिहासात या म्हाताऱ्याचे नाव येत नाही. येथे हेही सांगितले पाहिजे की, जर्मनी आणि फ्रान्समध्ये याच प्रश्नावरून त्याआधी जे घडले होते, त्याच्या मानाने तंजावरचा हा प्रकार किरकोळ म्हणावा लागेल. पण वडील ज्याचे गेले त्याला ते किरकोळ नसते.

मराठीत हा प्रश्न तमिळच्याही आधी येऊन गेला होता, पण उलट्या बाजूने. गोव्याचा फादर थॉमस स्टीफन्स हा मूळचा इंग्रज. देशात प्रॉटेस्टंट राणी राज्य करीत असताना तो रोमला जाऊन जेझुइट झाला आणि १५७९ मध्ये गोव्यात आला. जो वाद युरोपला दुभंगून टाकीत होता तो त्याने पुस्तकात वाचला नव्हता, मायदेश सोडून भोगला होता. १६१६ मध्ये राशोल येथे छापलेले त्याचे ‘क्रिस्तपुराण’ हे बायबलचे भाषांतर नाही, याचा आपले समीक्षक फारसा विचार करीत नाहीत. त्याच्या भाषेच्या गोडव्याबद्दल आपण भरभरून लिहितो. पण त्याला भाषांतर करायचे असते तर त्याच्याइतका समर्थ माणूस दुसरा नव्हता. त्याने केले नाही, कारण ट्रेंटनंतरच्या कॅथलिक शिस्तीत श्रद्धावंतांच्या हाती उघडा ग्रंथ देण्याची रीत नव्हती. ग्रंथातील कथा चर्चच्या मुखातून, चर्चच्या अर्थासह ऐकवायची होती. आणि त्यासाठी मराठीत एक आयता वाङ्मयप्रकार होता. पुराण. पुराणात श्रोता आहे, वक्ता आहे, श्रोत्याने शंका विचारायची आहे आणि वक्त्याने ती फेडायची आहे. व्यासपीठावर बसलेल्याचा अधिकार या प्रकाराच्या घडणीतच आहे. स्टीफन्सने ओवी घेतली ती लोकप्रिय म्हणून, हे खरे. पण पुराण घेतले ते त्याच्या धर्मशास्त्राला साजेसे म्हणून, असे म्हणायला जागा आहे. त्याच्यामागून एतियेन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने १६२९ मध्ये मराठी ओव्यांत दुसरे पुराण रचले. ते कोणावर? संत पीटरवर, ज्याच्या गादीचे वारस म्हणून पोप अधिकार सांगतात त्याच्यावर. विषयाची ही निवड सहज झालेली नाही.

पुढे दोनशे वर्षांनी सेरामपूरच्या विल्यम कॅरीने वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मराठी नवा करार काढला, १८११ मध्ये. आणि मुंबईच्या अमेरिकन मिशनने आपला १८२६ मध्ये. स्टीफन्सची रसाळ ओवी आणि कॅरीचे अडखळते गद्य यांची तुलना करून मराठीच्या इतिहासकारांनी कॅरीला नापास केले आहे. बेस्कीनेही झीगेनबाल्गला तसेच नापास केले होते.

या प्रश्नाने मराठी माणसाच्या अंतःकरणात घर केल्याची उदाहरणे मात्र एकोणिसाव्या शतकातली आहेत, आणि त्यांतही दोन एकमेकांशेजारी ठेवण्याजोगी. नीलकंठशास्त्री गोरे हे काशीत वाढलेले चित्पावन. १८४८ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो इव्हँजेलिकल, म्हणजे ग्रंथनिष्ठ पाद्र्यांच्या प्रभावाखाली. षड्दर्शनांचे खंडन करणारा हा नैयायिक बुद्धीचा माणूस. त्याला पुढे असे वाटू लागले की, केवळ ग्रंथ आणि केवळ माझी बुद्धी यांवर धर्म उभा राहत नाही. ते अँग्लिकन चर्चमधील उच्चपंथी शाखेकडे, जेथे चर्चची परंपरा, संस्कार आणि बिशपांची अखंड मालिका यांना कॅथलिकांसारखेच महत्त्व होते तिकडे झुकत गेले आणि आयुष्याची उत्तरार्धातील वर्षे त्याच वळणाच्या संन्यस्त संघाच्या सहवासात त्यांनी काढली. शास्त्र्याला पुन्हा संप्रदाय सापडला, असे कोणी म्हटले तर ते फार चूक होणार नाही.

पंडिता रमाबाईंवर गोऱ्यांच्या लेखनाचा परिणाम झाला होता; ख्रिस्ती धर्म पटण्यात त्यांचा वाटा आहे हे बाईंनीच सांगितले आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटिज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, तोही उच्चपंथी भगिनींच्या मठात. येथवर दोघांचा मार्ग एक. त्यानंतर मात्र तो फुटला. १८८५च्या सुमारास सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांनी जो पत्रव्यवहार केला तो महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रकाशित केला आहे. तो वाचताना लाइपझिगची वादसभा पुन्हा भरली आहे असे वाटते. फक्त वादी सत्तावीस वर्षांची विधवा आहे, कडेवर लहान मूल आहे आणि जेवणखाण प्रतिवादीच्याच मठात आहे. ख्रिस्ताचे वचन मी मानते, पण त्रैक्याच्या सिद्धांताची ही अथानेशियन मांडणी मला शास्त्रात दिसत नाही, असे त्या म्हणतात. चर्चने सांगितले ते नम्रपणे स्वीकारावे, नवशिक्या शिष्येने इतकी चिकित्सा करू नये, असे सिस्टर कळवळून सांगतात. रमाबाईंचे उत्तर असे की, ब्राह्मणांच्या गुरुशाहीचे जोखड मी मोठ्या कष्टाने उतरवले आहे. ते उतरवले ते दुसरे मानेवर घेण्यासाठी नव्हे. या पत्रांत राग आहे, कृतज्ञता आहे, आणि आपल्या लेकीवर कोणी कोणते धर्ममत बिंबवावे यावरची आईची सावध तगमगही आहे. सिस्टर जेराल्डिन ही खलनायिका मुळीच नाही. तिने रमाबाईंवर जिवापाड माया केली. तिच्या दृष्टीने चर्चपासून दूर जाणे म्हणजे अंधारात जाणे होते, आणि अंधारात जाणाऱ्याला हाताला धरून ओढणे हे प्रेमच. याच काळात मुंबई आणि लाहोर येथील बिशपांनी, रमाबाईंनी इंग्लंडमध्ये पुरुषांना शिकवू नये, हिंदुस्थानात त्याचा परिणाम वाईट होईल, असा सल्ला दिला. येथे अधिकाराचा प्रश्न आणि स्त्रीचा प्रश्न यांची गाठ पडते आणि ती सुटत नाही.

रमाबाईंना हा स्वभाव कोठून आला हे पाहायला इंग्लंडला जाण्याची गरज नाही. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना उडुपीच्या बाजूला माध्व संप्रदायाच्या गुरूपुढे आणि जमलेल्या ब्राह्मणांपुढे उभे राहावे लागले होते. त्यांनी काय केले? बंड केले नाही. शास्त्रांतील आधार काढून दाखवले. स्त्रीने संस्कृत शिकू नये असे शास्त्र म्हणत नाही, हे त्यांनी ग्रंथांच्याच साहाय्याने सिद्ध केले आणि गादीला ते मान्य करावे लागले. गादीसमोर ग्रंथ ठेवायचा ही विद्या रमाबाईंच्या घरातच होती. ल्यूथर त्यांना नंतर भेटला.

आयुष्याच्या शेवटच्या पर्वात केडगावच्या मुक्तिसदनात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबलचे मराठी भाषांतर केले. प्रचलित मराठी बायबलची भाषा त्यांना संस्कृतप्रचुर आणि सामान्य बायांना न कळणारी वाटत होती. संस्कृताची पंडिता म्हणून कलकत्त्यात गौरवली गेलेली ही विदुषी संस्कृत शब्द वेचून बाहेर काढत बसली होती. सदनातील बायका-मुलींनी खिळे जुळवले, पाने छापली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. साहित्यगुणांच्या दृष्टीने तो स्टीफन्सच्या जवळपासही जात नाही. परंतु गुरूवाचून वाचता येईल असा ग्रंथ करायचा, ही त्याची प्रतिज्ञा मराठीत इतक्या निष्ठेने दुसऱ्या कोणी पाळलेली नाही. अर्थात तिथेही प्रश्न राहतोच. एकटीच्या निर्णयाने प्रत्येक शब्द ठरलेल्या भाषांतरात वाचणारी नेमका कोणाचा अधिकार मान्य करते?

विसाव्या शतकात दोन्ही बाजू पुष्कळ जवळ आल्या. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५च्या घोषणेत परंपरा आणि शास्त्र हे एकाच झऱ्याचे प्रवाह मानले, चर्चचा अध्यापनाधिकार वचनाहून वरचा नसून वचनाचा सेवक आहे असे म्हटले, आणि श्रद्धावंतांनी ग्रंथ वाचावा असा आग्रह धरला. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी, म्हणजे एका कॅथलिक धर्मगुरूने, ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले ही गोष्ट स्टीफन्सच्या काळी कल्पनेत आली नसती. तमिळमध्ये १९९५ साली कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट विद्वानांनी मिळून केलेले सामायिक भाषांतर प्रसिद्ध झाले. बेस्की आणि झीगेनबाल्ग यांचे वारस एका मेजाभोवती बसून क्रियापदांवर वाद घालत होते. एलाकुरिच्ची आता ज्या धर्मप्रांतात येते त्याचे मुख्य पीठ कुंभकोणमला आहे. तो १८९९ मध्ये पाँडिचेरीपासून वेगळा काढला गेला.

राजनायकनची हकिगत मात्र मी मध्येच सोडली. तरंगंबाडीकरांनी २८ डिसेंबर १७३३ रोजी आरोन या पहिल्या एतद्देशीय माणसाला पाद्रीपदाची दीक्षा दिली. आरोन वेळ्ळाळ होता. दुसऱ्या दीक्षेची वेळ आली तेव्हा राजनायकनचे नाव विचारात होते. त्याची योग्यता, त्याचे कष्ट, वडिलांच्या मृत्यूनंतरही न ढळलेली त्याची निष्ठा, याबद्दल कोणालाच शंका नव्हती. शंका एवढीच होती की, वेळ्ळाळ मंडळी परैयराच्या हातून प्रभुभोजन घेतील काय. तरंगंबाडीच्या देवळात तर दोन्ही जाती वेगवेगळ्या बसत. नव्या करारात यासंबंधी काय लिहिले आहे हे राजनायकनला त्या पाद्र्यांइतकेच ठाऊक होते; तेच वाचून तो आला होता. पोप तेथे नव्हता, परिषद नव्हती, ट्रेंटचा ठराव नव्हता. ग्रंथ होता, तोही त्यांनीच छापलेला. १७४१ मध्ये दीक्षा दिएगोला मिळाली.

राजनायकन गावोगाव हिंडून वाचून दाखवत राहिला. १७७१ मध्ये तो वारला तेव्हाही उपदेशकच होता.